नांदूरच्या पाण्यावर उतरलेली पाहुणी पाखरं

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपला परिसर’ या कार्यक्रमातलं भाषण)



निफाड तालुक्यात ऑक्टोबर म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. सोयाबीनची सोंगणी, द्राक्षाची गोडी छाटणी, छाटणीमागोमाग पेस्ट लावायची घाई, कांद्याचं रोप टाकायचं, त्यात घट, दसरा, दिवाळीची साफसफाई. नेमक्या याच दिवसांत आपल्या उशाशी, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर, हजारो किलोमीटरवरून पाखरं येऊन उतरतात. मुंबई-पुण्याची माणसं डिझेल जाळून ती बघायला येतात. आपण मात्र त्याच रस्त्याने मजुरीला जातो आणि मान वर करत नाही. म्हणून आज पाखरांबद्दल बोलू. ती कोण, कुठून येतात, कशी ओळखायची आणि त्यांचा आपल्याशी काय संबंध.

आधी जागेविषयी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. पाणी कालव्यांनी खालच्या शेतीला द्यायचं एवढाच हेतू होता. पण नदीने दरवर्षी गाळ आणला, तो बंधाऱ्यामागे बसत गेला. उथळ पाणी, मधे मधे मातीची बेटं, काठाला पाणकणीस आणि गवत असं सगळं शंभर वर्षांत तयार झालं. इंजिनियरच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटा. पाखरांच्या हिशेबाने तो भरलेला कणगा आहे. १९८६ साली सरकारने इथे अभयारण्य जाहीर केलं. २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला ‘रामसर’ पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली जगातल्या पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, त्यावरून हे नाव. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. कुठल्याही मोठ्या शहराला न मिळालेला मान आपल्या चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीच्या शिवाराला मिळाला.

आता पाखरांकडे येऊ. तळ्यावर गेलं की नजर आधी बदकांवर आणि रोहितांवर जाते, कारण ती मोठी. आज मी मुद्दाम दोन वेगळ्या मंडळींबद्दल सांगणार आहे. एक, चिखलात तुरुतुरु चालणारी छोटी पाणपाखरं. दोन, वर घिरट्या घालणारी शिकारी पाखरं. या दोघांचं एकमेकांशी नातं आहे.

चिखलातली मंडळी आधी पाहू. काठावर एकटाच, सारखी शेपटी वरखाली हलवणारा, पाठीने तपकिरी आणि पोटाने पांढरा पक्षी दिसला तर तो तुतवार. तो कालव्याच्या कडेला, अगदी धुण्याच्या दगडाजवळही दिसतो. दहा पावलं पळायचं, थांबायचं, टोच मारायची, परत पळायचं, असं करणारा गोल डोक्याचा छोटा पक्षी म्हणजे चिखल्या. लांबलचक गुलाबी पायांवर काठ्यांवर चढल्यासारखा चालतो तो शेकाट्या. तो आपल्याकडे वर्षभरही असतो. लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसणारा, कोंबडीपेक्षा लहान पण उंच, तो काळ्या शेपटीचा मालगुजा. आणि या सगळ्यांच्या पायांत उंदरासारखा धावणारा चिमणीएवढा पक्षी दिसला, तर तो छोटा टिलवा.

या टिलव्याकडे जरा नीट बघा. त्याचं वजन २५-३० ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांपेक्षाही कमी. याची अंडी उबतात ती रशियाच्या आणि युरोपच्या पार उत्तर टोकाला, ध्रुवाजवळच्या गवताळ दलदलीत. तिथे उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. त्या दोन महिन्यांत सूर्य मावळत नाही, डास आणि किडे अमाप होतात. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की काही तासांतच स्वतःच्या पायांवर चालतात आणि स्वतःच टिपून खातात. ऑगस्ट संपता संपता तिथे गारठा पडायला लागतो, किडे संपतात, जमीन गोठते. खायलाच नाही तर राहून काय करणार? म्हणून निघायचं. आपल्याकडे ऊसतोडणीला निघालेलं कुटुंब आणि हा टिलवा यांचं कारण एकच आहे, पोट. फक्त त्याचा रस्ता पाच-सहा हजार किलोमीटरचा आहे.

यातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट सांगते. या जातीच्या पाखरांत पुष्कळदा मोठी पाखरं आधी निघून जातात. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मागून, आईबापांशिवाय, कधीही न पाहिलेल्या वाटेने येतात. सूर्य, रात्रीचे तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने ती दिशा धरतात. कुठे वळायचं याची जाण उपजत असते. म्हणजे ऑक्टोबरात आपल्या चिखलात दिसणारा टिलवा कदाचित तीन-साडेतीन महिन्यांचा असतो आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच माणूस, म्हैस आणि ट्रॅक्टर पाहिलेला असतो.

एवढा प्रवास होतो कसा? बचत गटातल्या बायांना हे समजायला वेळ लागणार नाही. निघण्याआधी ही पाखरं भरपूर खातात आणि अंगावर चरबी साठवतात. काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ती चरबी म्हणजे त्यांची बचत. वाटेत उडताना ती मोडायची, मधल्या तळ्यावर उतरून पुन्हा जमवायची, पुढे निघायचं. मालगुज्याचा एक चुलतभाऊ आहे, पट्टेरी शेपटीचा. अंगावर यंत्र लावलेलं त्याचं एक पिल्लू २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघालं आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचलं. अन्न नाही, पाणी नाही, खाली सगळा समुद्र. एवढ्या प्रवासात वाटेतली किंवा मुक्कामाची एक जागा जरी खराब झाली, तरी पुढचं गणित कोसळतं. आपलं नांदूर हे अशाच हिशेबातलं एक खातं आहे.

चोचींकडे लक्ष दिलंत तर आणखी एक गोष्ट कळेल. चिखल्याची चोच आखूड, तो वरचा किडा टिपतो. तुतवाराची मध्यम, तो थोडं खाली जातो. मालगुज्याची लांब, तो वीतभर खोल पाण्यात उभा राहून तळातली अळी काढतो. त्याच्या चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की न दिसणारी अळी त्याला स्पर्शाने कळते, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडून तो ती पकडू शकतो. एकाच चिखलात तीन खोलींवर तिघांचा संसार चालतो. म्हणून पाण्याची खोली महत्त्वाची. पावसाळा संपल्यावर तळं तुडुंब असतं तेव्हा ही मंडळी कमी दिसतात. पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला की गर्दी होते. आवर्तन सुटलं, पाणी चढलं, की परत पांगतात. त्यामुळे मागच्या आठवड्यात जिथे पाखरं होती तिथे या आठवड्यात नसली तर निराश होऊ नका. उथळ पाणी कुठे आहे ते शोधा, पाखरं तिथेच असतील.

आता वरची मंडळी. आकाशात पंख पसरलेलं काही दिसलं की आपण ‘घार’ म्हणून मोकळं होतो. मग घारीपासूनच सुरुवात करू. घारीची शेपटी मधे खाच असलेली, दुभंगलेली. ती एकदा डोळ्यांत बसली की बाकीचे आपोआप वेगळे दिसतात.

पाणकणसाच्या माथ्यावरून अगदी खालून, दोन्ही पंख वर धरून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तरंगत जाणारा पक्षी म्हणजे दलदल भोवत्या. कोणी त्याला दलदल ससाणाही म्हणतात. मादी गडद चॉकलेटी आणि डोकं साईच्या रंगाचं, जणू पांढरा रुमाल बांधलाय. नराच्या पंखांवर राखाडी पट्टा असतो. तो मध्य आशिया, रशियाकडून येतो. बेडूक, उंदीर, आजारी किंवा जखमी पाणपाखरू हे त्याचं खाणं. त्याचे भाऊबंद, बारीक अंगाचे दुसरे भोवते, माळावर आणि शेतावर फिरतात. ते टोळ आणि उंदीर खातात. सोयाबीन निघालेल्या वावरावरून सकाळी असा पक्षी फिरताना दिसला तर तो फुकटचा राखणदार समजा.

दुसरा शिकारी ऑस्प्रे, पुस्तकात त्याला कैकर म्हणतात. पोट पांढरं आणि डोळ्यावरून मानेपर्यंत काळी पट्टी. हा फक्त मासे खातो. पाण्यावर उंच एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि पाय पुढे करून पाण्यात झेपावतो. त्याच्या पायांच्या तळव्यांना काटेरी खरखरीतपणा असतो आणि बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून निसरडा मासाही सुटत नाही. मासा धरला की त्याचं तोंड पुढे करून नेतो, म्हणजे वारा कमी अडतो. गोण डोक्यावर घेऊन वाऱ्यात चालणाऱ्या बाईला यातलं शहाणपण सांगावं लागणार नाही.

तिसरा बहिरी ससाणा. तो क्वचित दिसतो, पण दिसला तर विसरत नाही. उंचावरून सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

शिकारी पाखरं शोधायची एक सोपी युक्ती आहे. चिखलातला आणि पाण्यावरचा सगळा थवा एकदम ओरडत उडाला, तर खाली न बघता वर बघा. कुठेतरी भोवत्या किंवा ससाणा असतोच. थवा एका अंगाने वळतो, चांदीसारखा चमकतो, परत काळा होतो. हे सगळं जीव वाचवण्यासाठी चाललेलं असतं. गर्दीत एकाला निवडून पकडणं शिकाऱ्याला अवघड जातं.

बघायला कधी जायचं? पाणपाखरांसाठी उजाडताना किंवा दुपारी चारनंतर. ऊन पाठीमागे राहील अशा काठावर उभ्या राहा, नाहीतर सगळी पाखरं काळीच दिसतात. भोवत्या सकाळी लवकर शिकारीला निघतो आणि दिवस मावळताना पाणकणसात परततो, तेव्हा एकामागून एक असे अनेक दिसतात. गरुडांसारखी मोठी पाखरं मात्र उशिरा उठतात. जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर, की त्या हवेवर बसून ती पंख न हलवता वर चढतात. म्हणजे घरचं सगळं आवरून दहा वाजता निघणाऱ्या बाईलाही बघायला काहीतरी शिल्लक असतं.

दुर्बीण नसली तरी चालेल. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, तिथून बरंच दिसतं. दोघीतिघींनी मिळून जा. साधे मातकट रंगाचे कपडे घाला, एका जागी बसा. दहा मिनिटं गप्प बसलात तर पाखरं आपणहून जवळ येतात. गाळात उतरू नका. वरून सुकलेला दिसतो आणि आत कमरेपर्यंत खोल असतो. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून दगड मारणारी पोरं दिसली तर त्यांना थांबवा. दर वेळी उडायला लावलं की त्या पाखराने मोठ्या कष्टाने जमवलेली बचत आपण विनाकारण मोडायला लावतो.

आणि लिहून ठेवा. गटाचं रजिस्टर लिहायची सवय आपल्याला आहेच. त्यातच तारीख, वेळ, जागा, पाणी किती, कुठलं पाखरू, किती, एवढे रकाने पाडा. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पाखरं मोजा, दहांचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यांत धरा आणि तसे किती पुंजके बसतात ते बघा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. मुलगी मोबाइल वापरत असेल तर ‘ईबर्ड’ नावाच्या ॲपवर तीच नोंद जगभरच्या अभ्यासकांपर्यंत जाते. पाच वर्षांनी ‘पूर्वी जास्त पाखरं यायची’ असं नुसतं म्हणण्यापेक्षा रजिस्टर उघडून दाखवता येईल.

आता खरा प्रश्न. आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशींनी तो सरळ विचारला, “पाखरं बघून चूल पेटती का?” त्यांचा हरभरा तळ्याच्या काठाला आहे आणि पाणकोंबड्या त्यात शिरतात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. अभयारण्य झालं की मासेमारीवर, काठाच्या गाळपेरीवर बंधनं येतात आणि ती आधी गरिबाच्या अंगावर येतात. नुकसान झालं तर त्याचा पंचनामा आणि भरपाई मागण्याचा हक्क बायांनीही वापरला पाहिजे. पाखरं राखायची तर काठच्या माणसाला काही मिळालं पाहिजे, हे मला मान्य आहे.

मिळू शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन आणि तिथली पाखरं दाखवतात. मासे विकणाऱ्या बायका त्या, शिकून वाटाड्या झाल्या. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी आणि हुरडा विकायला बायका आणि दुर्बीण घेऊन पुढे चालायला पुरुष, अशी वाटणी का असावी? चिखल कुठे खोल, पाणकणसात कोण लपतं, पाणी कुठल्या महिन्यात कुठवर येतं, हे चाऱ्याचे भारे आणणाऱ्या बाईइतकं कोणाला माहीत आहे? त्या माहितीला नावांची आणि थोड्या सरावाची जोड हवी आहे.

दुसरं उदाहरण नागालँडचं. तिथे वोखा जिल्ह्यात दोयांग नावाचं धरण आहे. दर ऑक्टोबरात तिथे अमूर ससाणे लाखांनी उतरतात. चीन-सैबेरियाकडून निघून ते पुढे मध्य भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. २०१२ साली तिथे मासेमारीची जाळी झाडांवर बांधून हजारो ससाणे पकडले जात असल्याचं उघड झालं. मारणारी माणसं दुष्ट नव्हती. धरणात शेती गेलेली, ससाण्याच्या मांसाला भाव होता. पण चर्चा झाल्या, पांगतीसारख्या गावांनी स्वतः बंदी घातली आणि २०१३ च्या हंगामात शिकार थांबली. त्या वर्षी तीन ससाण्यांना यंत्र लावलं, त्यातल्या एकाला पांगती हेच नाव दिलं. एका वर्षात गाव बदलू शकतं.

आपल्या हातात काय आहे तेही सांगते. उत्तर अमेरिकेतले एका जातीचे ससाणे हिवाळ्यात अर्जेंटिनात जातात आणि शेतातले टोळ खातात. १९९५-९६ च्या हंगामात तिथे टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं आणि हजारो ससाणे शेतातच मरून पडले. औषधाचं हे नाव आपल्या ओळखीचं आहे. उंदीर, टोळ, मासा यांच्या अंगातलं विष शेवटी शिकारी पाखरात उतरतं, आणि तेच पाणी आपल्या माठातही येतं. म्हणून द्राक्षाचा फवारणी पंप आणि औषधाचे डबे नदीत, कालव्यात धुवू नका, हे घरच्या माणसांना बजावा. पाणकणीस वाळलं म्हणून पेटवू नका. आणि संक्रांतीला नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका. हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे. झाडावर अडकलेला तो धागा महिनोन्‌महिने कुजत नाही, पंख कापतो आणि मोटारसायकलवरच्या माणसाचा गळाही.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. हे दोन दिवस जोडून महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळतात. सलीम अलींनी देशभर फिरून पाखरांचा अभ्यास उभा केला. चितमपल्ली सोलापूरचे, वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी माळकरी, पारधी, कोळी अशा माणसांकडून पाखरांची नावं गोळा केली आणि मराठीत आणली. आपल्या आज्या-मावश्यांकडे अजून अशी नावं असतील. ती विचारा आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

त्या आठवड्यात प्रत्येक गटाने एक सकाळ ठरवावी. मासिक बैठक तळ्याच्या काठावर घ्या. हप्ते, कर्ज, सह्या सगळं तिथेच होईल. सोबत शाळेतली एक-दोन मुलं आणि एक जुनी जाणती बाई घ्या. आल्यावर तुमच्या यादीत काय काय आलं ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या महिन्यात तुमच्या याद्या याच कार्यक्रमात वाचून दाखवू.